ठिणगी कुठे हरवली? बंद पडलेल्या गाडीतून वाचलेला अडीचशे वर्षांचा इतिहास

१/
ऑगस्ट १८८८. जर्मनीतील मानहाइम शहरातून भल्या पहाटे एक तीनचाकी वाहन बाहेर पडले. ते घेऊन निघालेल्या बर्था बेंझ ३९ वर्षांच्या होत्या. सोबत १५ वर्षांचा ऑयगेन आणि १३ वर्षांचा रिखार्ड ही दोन मुले होती. पती कार्ल बेंझ यांना त्यांनी काही सांगितले नव्हते. सुमारे शंभर किलोमीटरवरील फोर्झहाइम या माहेरगावी त्यांना पोहोचायचे होते. मोटारीचा पहिला लांब पल्ल्याचा प्रवास म्हणून त्याची इतिहासात नोंद झाली.

२/
वाटेत गाडी अनेकदा अडली. इंधनाची नळी तुंबली, तेव्हा बर्था यांनी ती टोपीच्या पिनेने मोकळी केली. ठिणगीसाठी वीज नेणाऱ्या तारेचे आवरण झिजले, तेव्हा मोजा आवळून धरणारा आपला पट्टा त्यांनी तारेवर गुंडाळला. या तपशिलांचा आधार मुख्यतः बेंझ कुटुंबाच्या आठवणी हा आहे, त्यामुळे त्यांना थोडा कथेचा रंग चढलेला असू शकतो. दोष मात्र पूर्ण खरा वाटावा असा आहे. उघडी तार धातूला टेकली की वीज वाटेतच उतरते आणि ठिणगी पडत नाही.

३/
जुनी गाडी रस्त्यात बंद पडते तेव्हा मेकॅनिक आजही तेच शोधतो. आपल्याकडच्या गॅरेजांत ठिणगीला ‘करंट’ म्हणतात. “करंट येतोय का बघ” हा त्याचा पहिला प्रश्न असतो. करंट येत नसेल, तर तो बॅटरीपासून प्लगपर्यंतची वाट तुकड्यातुकड्याने तपासतो. या वाटेवरचा प्रत्येक भाग कधीतरी कुणीतरी आधीच्या अपयशावर शोधलेला उपाय आहे. म्हणूनच दोष शोधण्याची ही रीत ठिणगीचा इतिहास वाचण्याचीही रीत ठरते.

४/
आधी मूळ गरज. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात : हवा-इंधनाचे योग्य मिश्रण, ते दाबून धरणारा सिलिंडर आणि नेमक्या क्षणी पडणारी ठिणगी. प्लग काढून त्याची टोपी पुन्हा लावायची, प्लगचे धातूचे अंग इंजिनाला टेकवायचे आणि स्टार्टर फिरवायचा. फटीत निळसर, टणक ठिणगी दिसली तर रोग दुसरीकडे आहे. काहीच दिसले नाही, तर शोध सुरू होतो. (आसपास पेट्रोल सांडलेले असताना हे करू नये, प्लगची वायर उघड्या हाताने धरू नये.)

५/
वाट अशी आहे. बॅटरी, तिथून चावीचा स्विच, तिथून कॉईल. कॉईलच्या एका बाजूने वीज डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटांतून जमिनीला, म्हणजे गाडीच्या धातूच्या सांगाड्याला मिळते. दुसऱ्या बाजूने जाड वायरीतून उच्च दाबाची वीज डिस्ट्रिब्युटरच्या झाकणात, रोटरवर आणि शेवटी प्लगवर पोहोचते. गंमत अशी, की या वाटेवरचे भाग कालक्रमाने लागलेले नाहीत. सर्वांत जुनी कल्पना वाटेच्या शेवटच्या टोकाला आहे.

६/
ती कल्पना आलेस्सांद्रो व्होल्टा यांची. १७७६-७७ च्या सुमारास इटलीतील या अभ्यासकाने दलदलीतून निघणारा ज्वालाग्राही वायू गोळा केला. बंद भांड्यात तो वायू आणि हवा भरून आत विजेची ठिणगी पाडली, की स्फोट होऊन भांड्याचे बूच उडे. हे उपकरण ‘व्होल्टांचे पिस्तूल’ म्हणून ओळखले गेले. बंद जागेतील मिश्रण, धातूची दोन टोके, मधल्या फटीतील ठिणगी : स्पार्क प्लगची मूळ कल्पना इथे पूर्ण दिसते. त्या वेळी मोटार नव्हती आणि बॅटरीही नव्हती. ठिणगी घर्षणातून मिळवलेल्या विजेची होती.

७/
बॅटरी नंतर आली. मार्च १८०० मध्ये व्होल्टा यांनीच लंडनच्या रॉयल सोसायटीला आपल्या नव्या विद्युतघटाची माहिती कळवली. गाडीत असते ती शिसे-आम्लाची, पुन्हा भारित करता येणारी बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये केली. सुमारे दोन व्होल्टचा एक, असे सहा कप्पे मिळून बारा व्होल्ट होतात. मेकॅनिकची पहिली तपासणी इथेच होते. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. स्टार्टर फिरताना ती नऊ-दहा व्होल्टच्याही खाली कोसळत असेल, तर कॉईलला पुरेशी वीजच मिळत नाही. टोकांवर साचलेला पांढरा थर आणि सैल अर्थिंग हेही नेहमीचे गुन्हेगार.

८/
पण बारा व्होल्ट प्लगची फट ओलांडू शकत नाहीत. दाबलेल्या वायूतून उडी मारायला हजारो व्होल्ट लागतात. हे अंतर ज्या शोधाने भरून काढले, तो १८३१ चा. मायकेल फॅरडे यांनी लोखंडी कड्यावर तारेची दोन वेटोळी गुंडाळली. पहिल्यात वीज शांतपणे वाहत असताना दुसऱ्यात काही घडेना. वीज जोडताना किंवा तोडताना मात्र दुसऱ्या वेटोळ्याला जोडलेली सुई हलली. प्रवाहातील बदलच दुसऱ्या वेटोळ्यात वीज जागवतो, हे त्यातून कळले. गाडीतील कॉईलचे सारे काम याच नियमावर चालते.

९/
१८३६ मध्ये आयर्लंडमधील मेनूथ येथील धर्मगुरू आणि प्राध्यापक निकोलस कॅलन यांनी उच्च दाब देणारी कॉईल बांधली. पुढे पॅरिसमध्ये काम करणाऱ्या हाइनरिख रूमकोर्फ या कारागिराने ती इतकी सुधारली, की ती त्याच्याच नावाने प्रसिद्ध झाली. १८६४ मध्ये तिसऱ्या नेपोलियनने त्याला ५०,००० फ्रँकचे बक्षीस दिले. एक अडचण मात्र होती. प्रवाह तोडताना तोडण्याच्या जागीच ठिणगी उडे आणि ऊर्जा तिथेच वाया जाई. १८५३ मध्ये इपोलित फिझो यांनी तिथे कंडेन्सर जोडण्याचा उपाय सांगितला. डिस्ट्रिब्युटरला चिकटलेला बोटाएवढा कंडेन्सर आजही नेमके हेच काम करतो.

१०/
या कॉईलला इंजिनात आणले एत्येन लेन्वार यांनी. १८६० मध्ये पॅरिसमध्ये त्यांनी वायूवर चालणारे इंजिन केले आणि त्यात रूमकोर्फ कॉईलची ठिणगी वापरली. पुढच्या पिढीने मात्र विजेवर फारसा विश्वास टाकला नाही. निकोलाउस ओटो यांच्या १८७६ च्या चार-स्ट्रोक इंजिनात मिश्रण पेटे ते एका लहान ज्योतीने. गॉटलीब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी बाहेरून तापवून लाल केलेली नळी वापरली. तिच्यात पेटण्याचा क्षण हवा तसा पुढेमागे करता येत नसे आणि पेट्रोलशेजारी उघडा बर्नर जळत राही.

११/
कार्ल बेंझ यांनी बॅटरी आणि कॉईलचा मार्ग धरला. २९ जानेवारी १८८६ रोजी त्यांनी मोटारीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्या गाडीचे इंजिन एक अश्वशक्तीपेक्षाही कमी ताकदीचे होते. अडचणींतली सर्वांत मोठी अडचण ठिणगीची, असे त्यांनी पुढे आत्मचरित्रात नमूद केले. घट लवकर क्षीण होत आणि वाटेत ते भारित करण्याची सोय नव्हती. फोर्झहाइमच्या वाटेवरचा तो पट्टा याच काळातला आहे. मोटार जन्मली तेव्हाच ‘करंट येत नाही’ ही तक्रारही जन्मली.

१२/
बॅटरीच नको, इंजिन फिरता फिरता स्वतःची वीज स्वतः करील, हा पर्याय म्हणजे मॅग्नेटो. रॉबर्ट बॉश यांनी १८८६ मध्ये श्टुटगार्ट येथे कार्यशाळा उघडली आणि १८८७ मध्ये एका स्थिर इंजिनासाठी मॅग्नेटो तयार केला. तो संथ इंजिनांपुरता ठीक होता. १८९७ मध्ये फ्रेडरिक सिम्स यांच्या द दियों-बूतों तीनचाकीवर, म्हणजे कितीतरी वेगाने फिरणाऱ्या इंजिनावर, तो बसवण्याचे काम आले. चुंबकाच्या क्षेत्रात जड वेटोळे इतक्या वेगाने हलवणे शक्य नव्हते. बॉश यांचे सहकारी आर्नोल्ड त्सेरिंगर यांनी वेटोळे स्थिर ठेवून त्याभोवती हलकी धातूची बाही हलवली आणि काम झाले.

१३/
तरी सिलिंडरच्या आत हलणारे संपर्क होतेच. ते झिजत आणि काजळीने माखत. बॉश यांच्याकडील गॉटलोब होनोल्ड यांनी १९०१-०२ मध्ये एकाच गाभ्यावर दोन वेटोळी देऊन मॅग्नेटोतूनच उच्च दाबाची वीज काढली. आता सिलिंडरमध्ये फक्त न हलणारा प्लग उरला. बॉश कंपनीच्या बोधचिन्हात वर्तुळातील जी आकृती दिसते, ती मॅग्नेटोच्या याच आर्मेचरची आहे. फोर्ड यांच्या १९०८ च्या मॉडेल टीमध्ये वेगळी युक्ती होती : फ्लायव्हीलवर १६ चुंबके आणि चार सिलिंडरांसाठी चार थरथरत्या कॉईली.

१४/
१९१४ मध्ये या लहानशा यंत्राला अचानक लष्करी महत्त्व आले. ब्रिटनमध्ये वापरले जाणारे बहुतेक मॅग्नेटो जर्मनीहून, बॉश यांच्याकडून येत. युद्ध सुरू होताच तो पुरवठा तुटला. लष्करी ट्रक, मोटारसायकली आणि विमाने या सर्वांना मॅग्नेटो हवे होते. बंदुका आणि दारूगोळ्याप्रमाणेच ठिणगीचाही देशी उद्योग घाईने उभारावा लागला. १९१८ मध्ये अमेरिकेने बॉश यांची तेथील कंपनी शत्रूची मालमत्ता म्हणून ताब्यात घेतली. महायुद्धाच्या इतिहासात तोफा आणि रणगाडे ठळक दिसतात. त्यांच्यामागचे असे सुटे भाग क्वचितच दिसतात.

१५/
मॅग्नेटोची दुबळी बाजू म्हणजे सुरुवात. इंजिन वेगाने फिरले की ठिणगी जोरदार पडे, पण हाताने हँडल मारताना वेग कमी आणि ठिणगीही अशक्त. दुसरा प्रश्न क्षणाचा होता. ठिणगी फार लवकर पडली, तर पिस्टन उलटा ढकलला जाई आणि हँडल उलटे फिरून मनगट मोडे. म्हणून स्टिअरिंगपाशी ठिणगीचा क्षण मागेपुढे करणारा दांडा असे. तो मागे घ्यायला विसरणे महागात पडे.

१६/
याच धोक्याची एक प्रसिद्ध कथा आहे. १९१० च्या हिवाळ्यात बायरन कार्टर हे मोटार-उत्पादक एका अनोळखी बाईंची बंद पडलेली कॅडिलॅक सुरू करायला थांबले. हँडल उलटे बसून ते जखमी झाले आणि त्यातून दगावले. व्यथित झालेल्या कॅडिलॅकच्या हेन्री लेलंड यांनी हँडल हद्दपार करण्याचा निश्चय केला. कथा हृद्य आहे. मात्र कार्टर यांचे निधन एप्रिल १९०८ मध्येच झाले होते. हात मोडण्याचे अपघात खरे होते, लेलंड यांचा निर्णयही खरा होता. त्या दोहोंना जोडणारी गोष्ट नंतर घडवलेली दिसते. तंत्रज्ञानाच्या इतिहासातही तारखा तपासाव्या लागतात, त्या अशा.

१७/
लेलंड यांना उपाय मिळाला तो चार्ल्स केटरिंग यांच्याकडून. अमेरिकेतील डेटन येथे रोख रकमेची यंत्रे बनवणाऱ्या कंपनीत ते काम करत. सहकारी एडवर्ड डीड्स यांच्या घरामागील कोठारात ते फावल्या वेळात मोटारीच्या ठिणगीवर प्रयोग करू लागले. १९०९ मध्ये दोघांनी डेल्को ही कंपनी काढली. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये त्यांची बॅटरी-कॉईल पद्धत आली आणि १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर. इंजिनावरचा जनरेटर आता बॅटरी भारित करू लागला. बेंझ यांना छळणारी अडचण इथे सुटली.

१८/
या घराण्यातील पद्धत पुढे सहा दशके जगभरच्या गाड्यांत राहिली. डिस्ट्रिब्युटरमधील कॅम फिरतो आणि पॉइंट उघडतो-मिटतो. पॉइंट मिटलेले असताना कॉईलच्या पहिल्या वेटोळ्यात प्रवाह वाहतो. पॉइंट उघडताच प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळते आणि दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या वेटोळ्यात वीस हजार व्होल्टपर्यंतचा दाब उभा राहू शकतो. रोटर ती वीज ज्याची पाळी असेल त्या प्लगला देतो. चार सिलिंडरांचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ६००० ठिणग्या, म्हणजे सेकंदाला शंभर.

१९/
आता बंद पडलेल्या गाडीकडे परत. प्लगवर ठिणगी नाही, बॅटरी ठीक आहे. मेकॅनिक वाट मधोमध तोडतो. कॉईलमधून डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी जाड वायर झाकणातून काढून, इन्सुलेटेड पक्कडीने इंजिनाच्या धातूपासून पाचसहा मिलिमीटरवर धरतो आणि स्टार्टर फिरवायला सांगतो. इथे ठिणगी उडाली, तर बॅटरीपासून कॉईलपर्यंतचा भाग निर्दोष. दोष पुढे, म्हणजे झाकण, रोटर, वायरी किंवा प्लग यांत. ठिणगी नसेल, तर दोष मागे. एका चाचणीत निम्मी वाट संशयातून सुटते.

२०/
मागच्या भागासाठी साधा टेस्ट लॅम्प पुरतो. त्याचे एक टोक कॉईलच्या पॉइंटकडील टर्मिनलला आणि दुसरे सांगाड्याला लावायचे. चावी चालू ठेवून स्टार्टर फिरवला, की दिवा लुकलुकला पाहिजे : पॉइंट उघडले की पेटणार, मिटले की विझणार. दिवा सतत पेटलेला राहिला, तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांच्यावर थर चढला आहे. दिवा पेटतच नसेल, तर कॉईलपर्यंत वीज येत नाही, कॉईलचे पहिले वेटोळे तुटले आहे, किंवा पॉइंटची बाजू कुठेतरी कायम सांगाड्याला टेकली आहे. बर्था बेंझ यांच्या तारेचा दोष या शेवटच्या जातीचा.

२१/
कित्येक महिने उभ्या असलेल्या जुन्या गाडीत सर्वाधिक वेळा सापडतो तो पॉइंटांवरचा पातळ थर. बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवून, मग कोरड्या कागदाची पट्टी मधून ओढून तो काढतात. फट फिलर गेजने साधारण ०.४ मिलिमीटर ठेवतात; नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तिकेत असतो. साफ केलेले पॉइंट लगेच पुन्हा काळे पडून जळू लागले आणि ठिणगी अशक्त राहिली, तर संशय कंडेन्सरवर. १८५३ मध्ये फिझो यांनी सोडवलेली अडचण अशी एखाद्या गॅरेजात पुन्हा उभी राहते. गाडी थंड असताना चालते आणि तापल्यावर बंद पडते, तेव्हा बोट बहुधा कॉईलकडे वळते.

२२/
पुढच्या भागातला शत्रू पाणी. ओलसर झाकणावरून किंवा तडा गेलेल्या रोटरमधून उच्च दाबाची वीज आडवाटेने निसटते आणि काळी रेघ मागे ठेवते. मुंबईच्या पावसाळ्यात हिंदमाताच्या पाण्यातून बाहेर आलेली टॅक्सी बॉनेट उघडून उभी आहे आणि चालक डिस्ट्रिब्युटरचे झाकण कोरड्या फडक्याने पुसतो आहे, हे दृश्य पद्मिनीच्या काळात नवलाचे नव्हते.

२३/
त्या पद्मिनीतही केटरिंग यांच्याच घराण्याची ठिणगी होती. मूळचे सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० ही गाडी बनू लागली आणि १९७० च्या दशकात तिचेच नाव प्रीमियर पद्मिनी झाले. दुसरा धागा बंगळूरुचा. १९५१ मध्ये तेथे बॉश यांच्या सहभागाने मोटर इंडस्ट्रीज कंपनी उभी राहिली. तिचे छोटे नाव मायको. भारतातील गॅरेजांत वर्षानुवर्षे मागितला गेलेला मायको प्लग तिचाच. श्टुटगार्टची कार्यशाळा आणि डेटनचे कोठार यांचा वारसा अशा रीतीने मुंबईच्या एकाच बॉनेटखाली भेटला.

२४/
१९७० च्या दशकात पॉइंटांची जागा इलेक्ट्रॉनिक स्विच घेऊ लागले. १९७३ मध्ये क्रायस्लरने आपल्या अमेरिकी गाड्यांत ही पद्धत सर्रास दिली. घासले जाणारे संपर्क गेले, त्यांच्याबरोबर पॉलिश पेपरही गेला. पुढे डिस्ट्रिब्युटरही गेला आणि प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉईल बसली. आजच्या गाडीतही प्रवाह तुटतो, क्षेत्र कोसळते आणि फटीत ठिणगी पडते. तो तुटण्याचा क्षण मात्र आता डोळ्यांना दिसत नाही. तो संगणक ठरवतो, आणि दोष सांकेतिक क्रमांकात सांगतो.

२५/
ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची काळी-पिवळी पद्मिनी निवृत्त झाली. अशा गाड्या संग्रहालयांत जपल्या जातील, त्यांचे रंग आणि आसनेही टिकतील. पण कोणत्या टर्मिनलला दिवा लावायचा, तो कसा लुकलुकला पाहिजे, पॉइंट किती घासले की पुरे, हे ज्ञान बहुतांशी मेकॅनिकच्या हातांत राहिले आहे. ते जपण्यासाठी अजूनही वेळ आहे. घराजवळच्या जुन्या गॅरेजात एखादा वृद्ध मेकॅनिक असेल, तर त्याला झाकण उघडून दाखवायला सांगावे आणि तो सांगेल ते लिहून ठेवावे. मोटारीच्या इतिहासाचे ते अस्सल साधन आहे आणि ते फार दिवस उपलब्ध राहणार नाही.

(समाप्त)